खोटा होन, खरं सोनं

येवल्याच्या माणसाला खोटा माल विकायला कुणी जाऊ नये, असा आमच्या गावचा एक जुना समज आहे. त्याला कारण पैठणी. मागाची खटखट ऐकत जिथे पोरं लहानाची मोठी होतात, तिथे रेशीम कुठलं आणि जर कसली हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. अस्सल जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा. त्याखालची प्रत म्हणजे आत तांब्याची तार. आता या दुसऱ्या जरीला बाजारात नाव काय असावं? 'टेस्टेड'! म्हणजे तपासलेली. बाहेरगावचं गिऱ्हाईक हे नाव ऐकून निर्धास्त होतं. कुणीतरी तपासलीय म्हणजे चांगलीच असणार! आम्ही गप्प बसतो. तिसरी जात प्लॅस्टिकची. तिच्या धाग्याला काडी लावली की ती आपली आपणच वितळून कबुलीजबाब देते.

तसा खऱ्या-खोट्याचा वाद आमच्या गावाच्या पाचवीलाच पुजलेला आहे. तात्या टोपे इथले. जन्म १८१४ चा, नाव रामचंद्र पांडुरंग, आडनाव येवलेकर. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं, असं इतिहासाची पुस्तकं सांगतात. पण फासावर गेला तो दुसराच कुणीतरी आणि खरे तात्या निसटले, असं छातीठोकपणे सांगणारी माणसंही पहिल्यापासून आहेत. फाशी गेलेला माणूससुद्धा जिथे दोनदा पारखून घेतला जातो, तिथे नाण्याबिण्याची काय कथा!

असं आपलं मी समजत होतो. नानांच्या हातात ते दोन होन येईपर्यंत.

नाना म्हणजे माझे आतेभाऊ. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. चाळीस वर्षं त्यांनी एका पैठणीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून काढली. डोळे मिटून बोटांनी जर ओळखतात. लग्नाच्या बस्त्याला नाना बरोबर असले की दुकानदार वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली काढतच नसत. उगाच उचलठेव कशाला? असे नाना एका संध्याकाळी माझ्याकडे आले, दार लोटून घेतलं, खिडकीही लोटून घेतली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढून म्हणाले, "बाळ, हात धुऊन ये."

मी हात धुऊन आलो. प्रसाद असेल असं वाटलं होतं. पुडीत दोन पिवळी नाणी निघाली, सदऱ्याच्या बटणाएवढी. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. कडेनं ठिपक्यांची माळ.

"महाराजांचा होन," नाना कुजबुजले. "रायगडावरचा."

हकिगत अशी होती. गावाबाहेर कुठेसा एक पाया खणला जात होता. तिथे मजुराला तांब्या सापडला. तांब्यात असे चाळीस होन. मजूर बिचारा गरीब, अडाणी, भेदरलेला. त्याला बाजारभाव नको, बोभाटा नको, फक्त भल्या माणसाच्या हाती ही ठेव जावी एवढीच इच्छा. असा भला माणूस अख्ख्या तालुक्यात त्याला एकच सापडला. त्यानं तपासायला म्हणून दोन होन नानांकडे ठेवले आणि इसार म्हणून थोडी रक्कम नेली. उरलेल्यांसाठी नाना फंडाचे पैसे काढणार होते. तो फंड धाकटीच्या लग्नासाठी ठेवलेला आहे, हे सगळ्या भावकीला माहीत होतं. "लग्न होऊन वर दोन खोल्या बांधता येतील," नाना म्हणाले.

आता नानांना एकदम वेड्यात काढणं सोपं होतं, पण न्याय्य नव्हतं. कारण आमची जमीन अशा गोष्टींना साक्ष द्यायला नेहमी तयार असते. याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी! क्षत्रप नहपानाची नाणी आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूला जिंकल्यावर त्याच्या खजिन्याचं काय करायचं, याचं इतकं रोखठोक उत्तर दुसरं नसेल. शेजारच्या चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. तिथला चांदोरी रुपया नावाजलेला. आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला १९८० साली नाण्यांच्या अभ्यासाची संस्थाच निघाली. अशा मुलखात पाया खणताना होन निघाला म्हटलं, तर अशक्य कसं म्हणायचं?

म्हणूनच ही गोष्ट चालते. भुरटे बाजार बघूनच माल मांडतात. येवल्यात होन, तर आणखी कुठे ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं नाणं, त्यावर हनुमान किंवा रामपंचायतन. या नाण्याला तांदूळ चिकटतात, ते घरात असलं की लक्ष्मी पाणी भरते, असं सांगून लोकांनी लोकांचे संसार धुऊन नेले आहेत. कंपनीनं १८१८ साली असं नाणं कधी काढलंच नाही. मात्र मद्रासेकडे कंपनीनं पाडलेल्या होनांवर विष्णू आणि दोन देवी खरोखरच आहेत. थापेत असा चिमूटभर खरा इतिहास मिसळलेला असतो. नुसती थाप कुणी गिळत नाही. पुरणातसुद्धा चिमूटभर मीठ लागतंच.

"सराफाला दाखवलंत?" मी विचारलं.

"तू काय मला दुधखुळा समजतोस?" नाना म्हणाले. "कसोटीवर घासून घेतलं. सोनं खरं आहे. दोन्ही बावीस कॅरेटच्या खाली नाहीत."

आणि ते बरोबर होतं. सराफ निष्णात होता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचं त्यानं चोख उत्तर दिलं होतं. घोटाळा प्रश्नातच होता.

हा घोटाळा समजायला थोडं मागं जावं लागतं. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तिथे होता. व्यापाराच्या तहासाठी आला होता. इंग्रजांच्या मागण्यांत एक अशी होती, की त्यांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांनी त्यावर जे उत्तर दिलं ते इंग्रजांच्या कागदांत उतरलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा : मी कुणाच्या नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात माझ्या रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्या, अशी सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते आपोआप चालेल. तहाच्या कलमात घालायला नको.

म्हणजे त्या काळी नाण्याचा मान त्यातल्या धातूला. वरचं नाव ही फक्त हमी. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या खजिन्याची यादी आहे, ती वाचताना दम लागतो : पुतळी, पातशाही होन, सतलामी, इभ्रामी, शिवराई, कावेरीपाक, सणगरी, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई. एवढ्या जाती एकाच बाजारात फिरणार, म्हटल्यावर पारख करणारा माणूस हवाच. तो पोतदार. सरकारी तिजोरीत येणारं प्रत्येक नाणं तो बघणार, वाजवणार, तोलणार. कसाला उतरलं नाही तर बट्टा कापणार. 'नावाला बट्टा लागला' असं आपण आजही म्हणतो, ते त्या पोतदाराच्या तराजूतून आलेलं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतल्या नाण्यांवर निबंध लिहिला आहे. त्यात धारवाडकडच्या खाजगी टांकसाळी होनात हीण घालू लागल्या, तेव्हा पेशव्यांच्या सरकारनं त्या बंद करून एकच टांकसाळ कशी चालू केली, त्याची हकिगत येते.

तेव्हाच्या लबाडाचा धंदा असा सरळ होता. नाव महाराजांचं ठेवायचं, सोनं कमी घालायचं. त्याला पकडायला कसोटी पुरायची.

आता सगळं उलटं झालं आहे. शिवाजी महाराजांचे सोन्याचे होन आज फार थोडे शिल्लक आहेत. तांब्याच्या शिवराया पुष्कळ. त्या महाराजांच्या मागेही कितीतरी वर्षं पाडल्या जात होत्या. पण सोन्याचा होन लिलावात आला की बोली लाखांत जाते, आणि वजनाला तो भरतो पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट किंमत त्या पाच अक्षरांची आणि छत्रपती या पदाची. मग लबाडानं सोन्यात काटकसर कशाला करावी? तो पुरेपूर सोनं घालतो. बावीस कॅरेटचं घालतो. सराफाकडून खुशाल तपासून घ्या म्हणतो. पूर्वीचा लबाड सोनं चोरायचा. हा सोनं पदरचं घालतो आणि रायगड विकतो.

हे काही आपल्याकडेच सुचलं असं नाही. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर नावाचा एक सद्गृहस्थ होऊन गेला. १७७२ चा जन्म, १८३० साली वारला. प्राचीन ग्रीक आणि रोमन नाण्यांचे ठसे तो स्वतः कोरायचा, इतके सुरेख की खुद्द ग्रीकांनी पाठ थोपटली असती. नाणी सोन्यारुप्याचीच. पण नवीन नाणं फार चकचकीत दिसतं. म्हणून ती लोखंडाच्या किसाबरोबर डब्यात घालून तो डबा घोडागाडीच्या आसाला बांधायचा आणि फिरायला निघायचा. खडखडाट होऊन दोन हजार वर्षांचं वय दोन तासांत चढायचं. आपण म्हाताऱ्यांना हवा खायला नेतो आहोत, असं तो म्हणे. त्याचे ते ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात जाऊन पडले. खोटेपणासुद्धा पुरेसा जुना झाला की संग्रहालयात जागा मिळते.

हे सगळं मी नानांना सांगितलं. अर्थात इतक्या सलग नाही, कारण मधूनमधून ते "तुझं पुस्तकी ज्ञान राहू दे" असं म्हणत होते. मी म्हटलं, वजन करू. ओळखीच्या सोनाराकडे नाजूक काटा होता. एक होन भरला तीन ग्रॅम आणि वर थोडा. दुसरा? तोही तेवढाच, मिलिग्रॅमचाही फरक नाही.

"बघ! एकदम चोख," नाना म्हणाले.

"नाना, तेच वाईट आहे."

"वजन सारखं भरलं तेही वाईट?"

काही काही माणसांना पुराव्याचा आनंद आधी होतो आणि अर्थ मागाहून कळतो. मी भिंग आणलं, दोन्ही होन पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले आणि गप्प बसलो. इथून पुढे माझं ज्ञान चालवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "नाना, नाणं सोडा. या दोन पैठण्या आहेत असं समजा. गिऱ्हाईक म्हणतंय की दोन्ही हातमागाच्या आहेत. बघा आणि सांगा."

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. तो कपाळावर गेला म्हणजे काम सुरू झालं, असं पेढीवर सगळे म्हणत. अस्सल पैठणी कशी बघायची ते त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलं होतं : पाठ बघायची आणि काठ बघायचा. पदराची पाठ समोरच्या बाजूइतकीच सफाईदार हवी, मागे धागे लोंबता कामा नयेत. आणि हातानं विणलेल्या दोन पैठण्या कितीही सारख्या म्हटल्या, तरी कुठेतरी मोराची मान एका धाग्यानं वाकडी असणारच. माणूस विणतो, तो मधे चहालाही उठतो.

नानांनी पाठ बघितली. काठ बघितला. मग पुन्हा पहिला होन, पुन्हा दुसरा. पाच मिनिटं खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

"हा ठिपका इथे नाही," ते हळूच म्हणाले. "कडेच्या माळेतला. आणि तिथेही नाही."

"ठशातच तो तुटलेला असेल तर दोन्हीकडे नसेल," मी मुद्दाम म्हटलं. "एका ठशाची दोन नाणी असू शकतात."

"असू देत. पण हा बघ, काठाला खड्डा. कुठंतरी पडून लागलेला. ठशाचा नव्हे, मार लागलेला. या दुसऱ्यालाही तिथेच? याच जागी? आणि दोन्हींवर 'पति' एकाच बाजूला, एवढंच सरकलंय?" नानांचा आवाज चढायला लागला. "अरे, हातोडा मारणारा एकच असला तरी दर वेळी हात तसाच पडतो होय? मागावर चाळीस वर्षं बसलेल्या माणसाचा पडत नाही, याचा बरा पडला!"

होन पाडायची रीत नानांनी त्या क्षणी आपल्या धंद्यातून ओळखली. खालच्या ठशावर सोन्याची चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरायचा आणि घणाचा घाव घालायचा. दर वेळी चकती थोडी सरकणार, घाव थोडा कलणार. कधी 'श्री' अर्धी बाहेर जाईल, कधी ठिपके एकाच अंगाला उमटतील. अशी थोडीफार वेडीवाकडी नाणी शेजारी ठेवली म्हणजे ती भावंडं वाटतात. ही दोन जुळी होती, आणि जुळ्यांना एकाच जागी, एकाच वेळी ठेच लागली होती. म्हणजे कुठल्या तरी एका नाण्यावरून साचा काढून दोन्ही ओतलेली. भिंगाखाली अक्षरांच्या कडाही साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, मधे बारीक टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं आणि काठावर कानस फिरवल्याच्या रेघा. ओतकामाचा सांधा घासून काढला होता.

नानांनी चष्मा खाली घेतला. "टेस्टेड," ते म्हणाले.

मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. फंड वाचला होता, पण माणसाला वाचलेल्या पैशांपेक्षा न बांधलेल्या दोन खोल्यांचं दुःख आधी होतं. त्यांच्या बाजूनं शेवटचा प्रयत्न म्हणून ते म्हणाले, "पण समज, खरेच असते तर?"

तर कायद्याची गाठ होती. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनासाठी १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं की सापडणाऱ्यानं कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! त्या काळी ती मोठी रक्कम असेल. आज दहा रुपयांत कटिंग चहासुद्धा जेमतेम. शंभर वर्षांवरचं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तो १९७२ चा कायदा वेगळा. म्हणजे मजुराची गोष्ट खरी असेल तर चोरून घेतलेला माल सरकारचा, आणि खोटी असेल तर माल कवडीचा. दोन्हीकडून फंड गेलाच. मला वाटतं, नाणं बघण्याच्या आधी हा एवढा हिशेब केला, तर भिंग विकत घ्यावं लागत नाही. खऱ्या नाण्याबरोबर तो कुठून आला, कुणी विकला, कुठल्या संग्रहात होता याचे कागद असतात. खोट्याबरोबर मजूर असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार दिली. त्या मजुराचा फोन तेव्हापासून बंद लागतो. होन मुद्देमाल म्हणून जमा झाले. पावतीवर हवालदारानं लिहिलं, 'पिवळ्या धातूच्या चकत्या, नग दोन.' सोन्याचं नावसुद्धा नाही. सगळ्या प्रकरणात सर्वांत सावध पारख त्याचीच म्हणायची.

घरी आलो तर वहिनी दारातच उभ्या. त्यांना सगळं कळलं होतं. बंद खिडक्यांचा आमच्याकडे फारसा उपयोग होत नाही. त्या नानांना एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि आपली पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. सासूकडून आलेली, आणि आता धाकटीच्या गळ्यात जायची.

"भाऊजी, एवढं सांगा. ह्या तरी खऱ्या आहेत ना?"

आता आली पंचाईत! कारण पुतळी ही जगातली सगळ्यांत मोठी नक्कल आहे. व्हेनिसच्या राज्यात १२८४ साली डुकॅट नावाचं सोन्याचं नाणं निघालं. साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात येशू ख्रिस्त. १७९७ साली नेपोलियननं ते राज्य बुडवलं, तोपर्यंत पाचशे वर्षं त्या नाण्यानं कपडेसुद्धा बदलले नाहीत. व्यापाऱ्यांबरोबर ते आपल्या किनाऱ्याला लागलं, आणि आपल्या बायकांनी त्यावरच्या आकृत्या बघून त्याला पुतळी म्हटलं. मग सोनारांनी तशाच पुतळ्या इथे पाडायला सुरुवात केली. व्हेनिसची अक्षरं वाचता येत नव्हती, तिथे नुसत्या रेघा काढल्या. संत मार्क हळूहळू आपल्याकडचा झाला. कुणाला त्यात राम-लक्ष्मण दिसले, कुणाला लक्ष्मी दिसली. ख्रिस्ताच्या गळ्यातसुद्धा दागिने आले असतील.

नाणेतज्ज्ञाला दाखवली तर तो या माळेला नक्कल म्हणेल, आणि ते खरं आहे. पण ही पुतळी वहिनींच्या सासूबाईंना कुणी व्हेनिसची म्हणून विकली नव्हती. सोनं तेवढं तोलून, घडणावळ लावून, पुतळी म्हणून दिली होती. महाराजांनी ऑक्झिंडनला सांगितलेला नियम तिला लावला तर ती पहिल्या फटक्यात पास होते. तिच्यात रयतेचं नुकसान नाही.

मी हे सगळं वहिनींना समजावून सांगितलं. व्हेनिसपासून रायगडापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे खऱ्याच की," त्या म्हणाल्या.

नाना मात्र तेवढ्यावर भागवून घेणारे नव्हते. त्यांनी माळ मागून घेतली, चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि एकेक पुतळी उलटून पाठ आणि काठ बघायला सुरुवात केली. कुठे रेघ तिरपी, कुठे डोकं अर्धं कापलेलं, कुठे एक तारा कमी. अठराच्या अठरा पुतळ्या एकमेकींपासून थोड्या थोड्या वेगळ्या निघाल्या, तेव्हा कुठे त्यांनी चहा टाकायला सांगितला.